दगडांत राहिलेले निकमकाका

माणसं मोजणं हा माझा धंदा होता. वाशीतल्या एका छोट्या यात्रा कंपनीत मी अकरा वर्षं सहलप्रमुख म्हणून काम केलं. लोकांना वाटतं, या कामात मजा आहे, फुकटात ताजमहाल बघायला मिळतो. डोंबल! ताजमहालासमोर मी नऊ वेळा उभी राहिले आणि नऊही वेळा त्याच्याकडे पाठ करून, कारण माझी माणसं माझ्यासमोर होती आणि त्यांतलं कुणीतरी हमखास चप्पल शोधत असायचं.

माझ्याकडे सगळ्या ज्येष्ठांच्या सहली. तरुणांच्या सहली मालकांचा भाचा न्यायचा, त्याला गाणी यायची. मला गोळ्यांची नावं यायची. ज्येष्ठांच्या सहलीचं वेळापत्रक किल्ल्यांवरून आणि देवळांवरून ठरत नाही, बाथरूमवरून ठरतं, हे या धंद्यातलं पहिलं ज्ञान. दुसरं म्हणजे, म्हाताऱ्या माणसाला 'चला लवकर' म्हणायचं नाही. तसं म्हटलं की तो मुद्दाम सावकाश चालतो, आणि बरोबरच करतो. एक निवृत्त पोस्टमास्तर माझ्याबरोबर चार सहलींना आले. प्रत्येक मुक्कामाहून ते स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टकार्ड टाकायचे. नेरूळच्या घरी परतल्यावर कुठलं किती दिवसांनी पोचलं याची वही दाखवायला ऑफिसात यायचे. अशी गोड माणसं. पण सगळ्यांची एकच खोड. नजर वळली की पसार.

म्हणून नंबर. ही पद्धत माझी, आणि तिचा मला भारी अभिमान होता. व्हिडिओ कोचच्या सीटांच्या पाठी एवढ्या उंच की दारात उभं राहून पुढच्या दोन रांगा सोडल्या तर डोकी दिसायची नाहीत. प्रत्येक वेळी मागेपर्यंत जाऊन मोजायचं, तर वाटेत दहा जण हात धरणार. एकाला खिडकी उघडून हवी, एकीला उलटीची गोळी हवी. तेव्हा पहिल्याच दिवशी मी प्रत्येकाला नंबर द्यायची. बस निघायच्या आधी दारात उभं राहून ओरडायचं, 'हं, सुरू!' की पुढून मागे एक, दोन, तीन असा ज्याचा त्यानं आवाज द्यायचा. नियम एकच होता. आपला नंबर आपल्या तोंडानं. नवऱ्याचा बायकोनं नाही, बायकोचा नवऱ्यानं नाही.

हा नियम मी एकदाच मोडू दिला.

निकम पतीपत्नी मूळचे साताऱ्याकडचे, राहायला खांदेश्वरला सिडकोच्या दोन खोल्यांत. काकांनी तुर्भ्याच्या एका कारखान्यात हॅमर शॉपमध्ये तीस वर्षं काढली होती. तापलेल्या लोखंडावर तो यांत्रिक घण दिवसभर पडायचा, आणि त्यात कान गेले. शर्टाच्या खिशात काडेपेटीहून जरा मोठी डबी आणि तिच्यापासून कानापर्यंत वायर, असं मशीन असायचं. ते लावूनही त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावंच लागे. काकू बारीकशा, नाकीडोळी नीटस, पण आवाज असा की अख्ख्या बसला कळायचं काकांना शौचाला झालं की नाही ते. त्या बिचारीला चारचौघांतही हळू बोलायची सवय राहिली नव्हती.

नव्वदीच्या दशकातली ती राजस्थानची सहल. सव्वीस माणसं, जानेवारी महिना. पहिल्याच दिवशी मोजणी सतरापर्यंत आली आणि थांबली. 'अठरा! अठरा कोण?' मी तीनदा ओरडले. चौथ्यांदा काकूंनी काकांना कोपरानं ढोसलं तेव्हा ते दचकून म्हणाले, "काय, उतरायचं का?" बस हसली. काका नाही हसले. कान लाल झाले त्यांचे.

नंतर काकू माझ्याजवळ आल्या. "मॅडम, मी देते की त्यांचा बी नंबर. घरी बी सगळं मीच बोलतीय न्हवं?"

मला दया आली म्हणा, की मोजणी पटकन उरकते म्हणून बरं वाटलं म्हणा. मी 'चालेल' म्हटलं. त्या दिवसापासून सतरा आणि अठरा एका दमात, एकाच आवाजात यायला लागले.

जैसलमेर मागं टाकून दक्षिणेकडे निघालं की मोठ्या रस्त्यापासून बरंच आत एक खडकांचं रान आहे. तिथले लोक त्याला नुसतं 'भाटा' म्हणत, म्हणजे दगड. आमच्या मालकांनी पत्रकात 'निसर्गाची शिल्पनगरी' असं छापून टाकलं होतं. वाऱ्यानं कोरलेले पिवळट तपकिरी खडक, काही कमरेएवढे, काही दोन पुरुष उंच, सगळ्यांना भोकं पडलेली आणि मधून बोळ. वर आकाश, खाली वाळू, दुसरं काही नाही. पक्षीसुद्धा नाही. उतरल्या उतरल्या आमच्यातली एक आजी म्हणाली, "अगं बाई, सगळे पंगतीला बसल्यासारखे दिसतायत." आणि खरंच तसे दिसत होते. पाठीला बाक काढून, मान खाली घालून, एकामागे एक बसलेले. ती तसं बोलून गेल्यावर मात्र कुणी फारसं आत गेलं नाही. एरवी फोटोसाठी जीव टाकणारी माणसं काठाकाठानं फिरून, दोन दोन फोटो काढून परत आली.

आमचे ड्रायव्हर भंवरजी त्याच मुलखातले. खाली उतरलेच नाहीत ते. मी मोजणीला दारात उभी राहिले तसे म्हणाले, "मॅडमजी, यहाँ मत गिनो. आगे मोड़ के बाद गिन लेना."

"का हो? क्यों?"

"हमारे यहाँ बकरीवाले भी इधर नहीं गिनते. यहाँ गिनती पूरी आती है और माल कम निकलता है."

मला हसू आलं. "भंवरजी, मेरे लोग बकरियाँ नहीं हैं." असं म्हणून मी जरा जास्तच ठसक्यात ओरडले, 'हं, सुरू!' एक, दोन, तीन, चार. सोळा. सतरा, अठरा. चोवीस, पंचवीस, सव्वीस. कसा खणखणीत हिशोब! मी भंवरजींकडे बघून मान उडवली. त्यांनी गिअर टाकला. मागे धुळीचा एवढा लोट उठला की मागच्या काचेतून काही दिसेना.

बारा किलोमीटरवर एक चहाची टपरी होती. तिथं सगळे उतरले. मी नेहमीसारखी ऑर्डर दिली. आमच्यात बिनसाखरेचे चार होते. तीन कप लगेच उचलले गेले, चौथा टपरीच्या फळीवर तसाच. बिनसाखरेचा चहा कुणी चुकून घेत नाही, त्यामुळे तो उरला की मालक कोण हे शोधायला वेळ लागत नाही. निकमकाका उतरले नसतील असं समजून मी कप घेऊन बसमध्ये चढले.

बसमध्ये एकट्या काकू होत्या. मागून दुसऱ्या रांगेत, खिडकीशी. शेजारची सीट रिकामी. मांडीवर काकांचं कानाचं मशीन, आणि त्याची वायर त्या बोटाभोवती सावकाश गुंडाळत होत्या, सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या.

"काकू, काका कुठायत?"

"आसतील की खाली," त्या म्हणाल्या. किती हळू म्हणाल्या! इतक्या दिवसांत त्यांचा तो आवाज मी ऐकलाच नव्हता.

"खाली नाहीत. मशीन तुमच्याकडे कसं?"

"तिथं वाऱ्यानं मशीनीत लई घूंघूं हुतंय म्हनून काढून दिलं माझ्याकडं."

"तिथं म्हणजे? दगडांत? अहो, मग तुम्ही नंबर दिलात ना त्यांचा!"

त्यांनी वायर परत बोटाभोवती गुंडाळली. माझ्या हातातला चहा सांडला. पोळल्याचं मला रात्री मुक्कामावर कळलं.

बाकीच्यांना टपरीवाल्याच्या भरवशावर चादरी गुंडाळून बसवलं आणि बस उलटी वळवली. मोबाइल नव्हते, आसपास फोनही नव्हता. सूर्य हातभर वर होता. वाळवंटात जानेवारीत सूर्य बुडाला की तासाभरात हाडं गोठतात. बहात्तर वर्षांचा मधुमेही माणूस, आणि हाक मारली तर ऐकूही येणार नाही असा. खरं सांगते, त्या बारा किलोमीटरांत मी आधी देवाला हाक मारली आणि मग मालकांना काय सांगायचं याचा विचार केला. भंवरजी गाडी चालवता चालवता एकदाच बोलले. "मैंने कहा था." मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

भाट्यापाशी पोचलो. काकू सीटवरून उठल्या नाहीत. भंवरजी दगडांच्या काठापर्यंत आले, पुढे येईनात. "मैं हॉर्न बजाता हूँ," म्हणाले. बहिऱ्या माणसाला हॉर्न! तरी वाजवत राहिले बिचारे. मी एकटीच आत शिरले.

आत शिरताच हॉर्नचा आवाज एकदम लांब गेला. आणि दुसरा एक आवाज सुरू झाला. वारा त्या भोकांतून घुमत होता, पण तो कानाला ऐकू येण्याआधी दातांत जाणवायचा. खालून यायचा, पायातून. मी वेड्यासारखी हाका मारत होते, "निकमकाका! अहो काका!" ऐकू येत नाही हे माहीत असून. माझीच हाक जरा उशिरानं, भलत्याच बाजूनं परत येत होती. 'काका' म्हणताना मी शेवटचा 'का' लांबवत नाही, पण परत येणारी हाक लांबवत होती. मी हाका मारायचं बंद केलं.

काकांच्या अंगावर तपकिरी शाल होती, डोक्याला तपकिरी कानटोपी. तिरप्या उन्हात प्रत्येक दगड तपकिरी शाल पांघरून बसलेला. एका बोळाच्या तोंडाशी ते मला दिसले, अगदी तसेच, मान खाली घालून. धावत जाऊन खांद्याला हात लावला तर दगड. पुढच्या वळणावर परत दिसले. परत दगड. तिसऱ्यांदाही तशीच फसले. दगड दिवसभर उन्हात तापलेले, अजून कोमट होते, माणसाच्या अंगासारखे. आता आणखी एकाला हात लावायचा माझ्यात धीर नव्हता. मी मागे फिरले. येताना ज्याच्या जवळून दोनदा गेले होते त्या कोनाड्यातल्या दगडाला तोल सावरायला म्हणून हात टेकला, आणि तो खांदा थंडगार होता.

निकमकाका दचकले नाहीत. ते खडकाला कपाळ टेकून बसले होते, दोन्ही तळवे दगडावर. माझ्याकडे वळून त्यांनी हातानं खाली बसायची खूण केली. मी का बसले कोण जाणे. त्यांनी माझं डोकं धरून हलकेच दगडाला टेकवलं.

"ऐका," ते म्हणाले. "हॅमर चालू हाय."

होता. ढप. मग थोडी उसंत. मग ढप. कपाळातून आत, सरळ छातीत. वारा असणार, दुसरं काय असणार, मी विज्ञान शिकलेली बाई आहे. पण वारा असा ताल धरून वाहत नाही, एवढंच मी म्हणेन. मी डोकं काढून घेतलं. त्यांनी नाही काढलं. "मशीनबिगर ऐकू येतंय," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. "आट वरसांनी. मशीन लागल्यापास्नं पयल्यांदा."

मी त्यांना हाताला धरून उठवलं. तोंड त्यांच्यासमोर धरून, ओठ सावकाश हलवत म्हटलं, "काका, बस गेली तेव्हा तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की. मी भाईर आलो व्हतो रस्त्यापातुर. गाडी हालली तवा हात केला." त्यांनी हात वर करून दाखवला. "ही खिडकीत व्हती. बगितलं तिनं माझ्याकडं. मला वाटलं, थांबवंल."

मी त्यांची शाल सारखी केली.

"मॅडम, मानूस दमतं," काका म्हणाले. ते नेहमी ओरडून बोलत, ते वाक्यही ओरडूनच म्हणाले, आणि दगडांनी ते परत म्हटलं. "तीस वर्सं वरडतीया ती माझ्यासंगं. तिला कळू देऊ नका मी बगितलं ते. मरंल ती लाजंनं. शब्द द्या."

मी शब्द दिला. त्या जागेतून बाहेर पडायला मी काहीही दिलं असतं.

बसमध्ये काकांना बघून काकूंनी त्यांच्या खिशात डबी ठेवली, कानात वायरीचं बोंडूक बसवलं, कानटोपी सारखी केली. "गारठा लागला का?" त्या ओरडल्या. "न्हाई," ते म्हणाले. बस टपरीकडे निघाली. अंधार पडता पडता आम्ही सगळे परत एकत्र झालो. मालकांना दिलेल्या अहवालात मी 'किरकोळ उशीर' असं लिहिलं. त्याची मला आजही लाज वाटते. चूक माझी होती. नियम मी केला होता आणि मीच तो मोडू दिला होता. पुढे प्रत्येक सहलीत मी शेवटच्या सीटपर्यंत जाऊन, खांद्याला हात लावून मोजलं. लोक चेष्टा करायचे, 'मॅडमना विश्वास नाही आमच्यावर.' नव्हताच.

दोन महिन्यांनी सहलीचे फोटो धुऊन आले, ते द्यायला मी खांदेश्वरला गेले. काका बाहेरच्या खोलीत फोटो डोळ्यांजवळ धरून बघत बसले. काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, चहा ठेवला, आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, तुमाला एक इचारायचं हाय," त्या म्हणाल्या. हळू. बसमधला तोच आवाज. "मी नंबर दिला तवा मला म्हाईत न्हवतं. सवयीनं गेलं तोंडातनं, सतरा अठरा. मग गाडी हालली आन् मला ते दिसले. मी वरडाया तोंड उगडलं. आन् वरडलेच न्हाई."

गॅसवर पाणी उकळायला लागलं होतं. त्यांनी पावडर टाकली नाही.

"मनात म्हनलं, पुढच्या वळनावर सांगते. मग म्हनलं, त्येच्या पुढच्या. गाडीत किती शांत व्हतं! कुनाला काय वरडून सांगायचं न्हाई. मी मनाशी दोन शब्द बोलले तर मला माझंच ऐकू आलं. मग तुमी कप घिऊन आलात." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तुमी आला नसता तर मी सांगितलं असतं का, ह्येच मला कळंना झालंय. रोज पडल्या पडल्या तेच डोक्यात."

"सांगितलं असतं काकू," मी म्हटलं. "नक्की सांगितलं असतं."

"त्यांनी मला बगितलं का वो?" त्यांनी माझं मनगट धरलं. "तेवढं सांगा. तुमी सापडवलं त्यांना, तुमाला काय बोलले असतील तर. त्यांनी बगितलं असंल तर मी ह्या घरात तोंड कसं दाखवू?"

मी शब्द दिला होता. आणि तसा शब्द नसता, तरी त्या क्षणी मी दुसरं काय बोलणार होते?

"छे हो!" मी म्हटलं. "ते आतच बसले होते, दगडाकडे तोंड करून. मला तसेच सापडले. बस गेलेली त्यांना कळलीसुद्धा नाही."

मला वाटलं होतं, आता ही बाई सुटेल. रडेल, चहा करेल, झालं.

त्यांचा हात माझ्या मनगटावर तसाच राहिला.

"आत व्हते?"

"हो."

"रस्त्याकडं आले न्हाईत?"

"नाही काकू."

त्यांनी गॅस बंद केला. खोलीत काका कुठल्याशा फोटोकडे बघून मोठ्यानं हसले. काकूंनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग मला हात कुनी केला?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि त्याच वाक्यानं त्या दाराबाहेर हसणारा माणूस आणि ही बाई यांच्यात पुढे उरलेलं सगळं आयुष्य नासलं असतं. मी म्हटलं, "धूळ किती होती काकू! भास होतो माणसाला." त्यांनी उकळलेलं पाणी मोरीत ओतून दिलं. चहा राहिलाच. मी निघाले तेव्हा दाराशी फक्त काका आले.

पावसाळ्याच्या आधी काका एकटेच वाशीच्या ऑफिसात आले. पुढच्या सहलीची चौकशी करायची म्हणाले, पण पत्रक हातात तसंच धरून बसले. मग म्हणाले, "ही आता कुटल्या गाडीत खिडकीला बसत न्हाई. घरात बी दिवसाढवळ्या पडदं वढून घेती. भाईर कोन हाय का बगून या, म्हनती. कोन बी नसतंय. मॅडम, खरं सांगा, तुमी तिला काय बोलला तर न्हाई?"

मी टेबलावरून पुढे वाकले, त्यांच्या खिशातल्या डबीजवळ तोंड नेलं आणि ओरडून म्हटलं, "नाही काका. शब्द पाळला मी."

त्यांनी दोन्ही हात जोडले. "लई उपकार झाले तुमचे," ते म्हणाले.